काकूंना वगळून

चिंचणीला मी खोली बघायला गेले तेव्हा त्या खोलीत काहीही नव्हतं. पलंग-कपाट नव्हतं एवढंच मी म्हणत नाही, ते कुठेच नसतं. इथे भिंतीत खिळा नव्हता, छताला बल्ब नव्हता, आणि मोरीतल्या नळाची मूठसुद्धा काढून ठेवली होती. घरमालक काका दारात उभे होते. लेंगा, बनियन, कपाळावर ढकललेला चष्मा. मला वाटलं, आदल्या दिवशी चोरी झाली असावी.

"खोली कोरी देतो," ते म्हणाले. "लागंल ते मागायचं. मागितलं की देतो. नाय मागितलं तर नाय."

"बल्ब?" मी घाबरत विचारलं.

त्यांनी लेंग्याच्या खिशातून बल्ब काढून माझ्या हातावर ठेवला.

मग मी बादली मागितली, खिळे मागितले, कडीकुलूप मागितलं. एकूण हुशारीच केली असं समजून राहायला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडात पेस्टचा फेस घेऊन मोरीत उभी राहिले तेव्हा नळाची आठवण झाली. काका अंगणात नारळ सोलत होते. "तुमी मूठ मागितली नाय," ते म्हणाले. चेहऱ्यावर एवढं समाधान, की दुसऱ्याची फजिती हा त्यांचा सकाळचा नाश्ताच असावा. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू आल्या, माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "यांच्याकडं लक्ष देऊ नको. मी बी तीस वर्षं देत नाय."

मी अकोल्याची. बोईसरच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभागात चिकटले होते. दिवसभर कारखान्यात तो वास घ्यायचा आणि रात्री पुन्हा तोच उशाला घेऊन झोपायचं, यापेक्षा चिंचणीहून शेअर रिक्षाने ये-जा बरी, असा माझा हिशोब. काकांनी उभी नोकरी त्याच एमआयडीसीत केली होती, इन्स्ट्रुमेंट विभागात. निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात किंवा पतपेढीच्या निवडणुकीला उभी राहतात. काका एका ऑपरेटिंग सिस्टिममध्ये गेले. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून बनवलेली, कुणीही फुकट घ्यावी आणि कुणीही उघडून बघावी अशी ती सिस्टिम. तिथे काकांकडे काम होतं पॅकेजं बांधण्याचं. कुणीतरी कुठेतरी प्रोग्राम लिहितो. तो दुसऱ्या कुणाच्याही मशीनवर एका झटक्यात बसावा म्हणून त्याची व्यवस्थित मोळी बांधावी लागते. ती बांधणारे काका. त्यांच्या वाट्याला आलेली पॅकेजं अशी, की जुन्या खडखडाटी प्रिंटरना चालवणारं एक, पत्त्यांचा एक खेळ, आणि असंच आणखी काहीबाही. ती जगात कोण वापरतं हे मी एकदा विचारलं होतं. "ते माजं काम नाय," असं उत्तर मिळालं.

आता ही बांधणी करायची कुठे? इथे काकांचा धर्म सुरू होतो. साधा माणूस आपल्या रोजच्या मशीनवर बांधून मोकळा होतो. पण रोजच्या मशीनवर वर्षानुवर्षं साठलेलं सामान असतं, आणि प्रोग्राम त्यातलं काय काय गुपचूप उचलून वापरतो ते कळतच नाही. तोच प्रोग्राम दुसऱ्याकडे गेला की लंगडा पडतो. म्हणून कॉम्प्युटरच्या आतच एक बंद कप्पा करायचा. त्यात अगदी मूलभूत तेवढंच ठेवायचं. इंटरनेट बंद. आत गेलेल्या प्रोग्रामला वाटतं, जग म्हणजे एवढंच. त्याला जे जे लागतं ते नाव घेऊन आधी सांगितलेलं असेल तर आत मिळतं, नाहीतर बांधणी तिथेच कोसळते. बांधून झालं की कप्पा पुसून टाकायचा. पुढच्या वेळी पुन्हा नवा. काका याला कोरी खोली म्हणायचे, आणि या खोलीवर त्यांचा देवाहून जास्त विश्वास होता.

कॉम्प्युटर होता वाडीकडच्या पडवीत, नारळ आणि चिकूच्या करंड्यांच्या मधोमध. खाऱ्या हवेने त्याचे स्क्रू गंजले होते. काका सकाळी चहा घेऊन त्याच्यासमोर बसायचे आणि परदेशातल्या पोरांची पॅकेजं एकेक करून नापास करायचे. पोरं चिडून लिहायची, आमच्याकडे तर चालतंय! काका पडद्याकडे बघून मोठ्याने म्हणायचे, "तुज्याकडं चालंलच. तुज्याकडं तुजी आय हाय." मग इंग्रजीत सभ्य ओळ लिहायचे, की कोऱ्या खोलीत बांधले जात नाही, कुठे अडलं त्याची नोंद सोबत जोडली आहे. नोंद जोडल्याशिवाय त्यांनी कुणाला नापास केल्याचं मी पाहिलं नाही. "नापास करायचं तर कशात केलं ते दाखवायला पायजे. नायतर ती दादागिरी झाली," हे त्यांचं म्हणणं. त्यांचं तेवढंच म्हणणं मला बिनशर्त पटायचं.

माझ्या कारखान्यातला एक सहकारी, बनारसकडचा, एकदा त्याने लिहिलेला गेटवरच्या ट्रकांचा प्रोग्राम घेऊन आला. काकांनी तो कोऱ्या खोलीत घातला. तो पहिल्याच पायरीला आडवा झाला.

"अंकल, मेरे में तो मस्त चल रहा है," तो म्हणाला.

"तेरे में चल रहा है ना? तो तू जा," काका म्हणाले. "गेटपे जाके बैठ. प्रोग्राम के साथ तेरे को भी भेजने का."

तो बिचारा चिकू घेऊन परत गेला. पुन्हा कधी आला नाही, पण चिकूंची चौकशी करत असतो.

हे सगळं कॉम्प्युटरपुरतं राहिलं असतं तर माणूस फक्त विक्षिप्त म्हणून खपून गेला असता. पण काका कोरी खोली घेऊन घरभर फिरायचे. एका श्रावणात घरी सत्यनारायण होता. काकांनी माजघर रिकामं केलं आणि गुरुजींनी सांगितलेलं तेवढंच सामान आत मांडलं. गुरुजी बसले, आचमन झालं, समईपाशी आले आणि काडेपेटी शोधायला लागले. काका सोवळं नेसून शांत बसून होते.

"काडेपेटी द्या," गुरुजी म्हणाले.

"तुमी सांगितली नव्हती."

"अहो, ती काय सांगायची असते का?"

"सांगितलेलं नाय ते नाय," काका म्हणाले. गुरुजी त्यांच्याकडे आणि देवाकडे आळीपाळीने बघत राहिले. शेवटी काकूंनी स्वयंपाकघरातून काडेपेटी आणून पाटावर आपटली आणि पूजा पुढे सरकली. पुढच्या वर्षी गुरुजींनी काडेपेटीच काय, पंचपात्रीतलं पाणीसुद्धा आधी सांगून ठेवलं, असं काका अभिमानाने सांगायचे.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. हा माणूस स्वतःलाही सोडत नव्हता. त्यांनी स्वतः भरती-ओहोटीच्या वेळा काढणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला होता, मोठ्या हौसेने. गावातल्या मच्छीमारांना त्याची काडीची गरज नव्हती, पण काकांना होती. तो त्यांच्या मशीनवर छान चालायचा. कोऱ्या खोलीत घातला तर पडला. काकांच्याच एका जुन्या फायलीतून तो काहीतरी चोरून घेत होता. काकांनी स्वतःच्या नावाने स्वतःला पत्र लिहिलं, नोंद जोडली, नापास म्हणून कळवलं आणि दिवसभर तोंड पाडून फिरले. काकू म्हणाल्या, "कोनाचं पत्र आलं म्हनून असं तोंड केलंय?" मी सांगितल्यावर त्या हसून हसून ओट्याला टेकल्या.

तर असं हे घर. आणि मग बडोद्याहून काका-काकूंच्या मुलीचा फोन आला.

तिला दिवस गेले होते. बाळंतपणाला माहेरी यायचं ठरलेलं होतं, पण डॉक्टरांनी प्रवासच काय, जिना उतरायलाही मनाई केली. पडून राहायचं. नवऱ्याची पाळीची नोकरी, तो रात्री-अपरात्री घराबाहेर. ती फोनवर आधी हसत बोलायची, मग नुसतीच बोलायची, मग रडायला लागली. काकूंनी जायला हवं होतं, लगेच, आणि बाळ जरा मान धरेपर्यंत राहायला हवं होतं. लग्नानंतर काकू घर सोडून इतके दिवस कधी कुठे गेल्याच नव्हत्या.

"जा की," काका म्हणाले. "मी कुठं नाय म्हनतो? फक्त आधी चाचणी करू. तुज्याशिवाय घर चालतं काय ते बगू. कच्चं पॅकेज मी सोडत नाय."

माझा शुक्रवार सुट्टीचा, एमआयडीसीची सुट्टी तीच. तेव्हा शुक्रवारी चाचणी ठरली. काकूंनी दिवसभर माझ्या खोलीत बसायचं. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. काकांनी शेजाऱ्यांना विचारायचं नाही, फोन करायचा नाही. काकूंनी आधी जे सांगितलं असेल तेवढ्यावरच सकाळपासून रात्रीपर्यंत घर चालवायचं. मी साक्षीदार आणि जेवणारी. काकू माझ्या पलंगावर मांडी घालून बसल्या, चिवड्याचा डबा पुढ्यात, मोबाइलवर मालिका. त्या मला म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून पहिली सुट्टी."

पहिली चाचणी चहालाच पडली. गॅस पेटेना. काकांनी सिलिंडर हलवून बघितला, संपला असं जाहीर केलं आणि थंड दूध प्यायले. काकू रात्री झोपताना खालून रेग्युलेटर बंद करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. दुसऱ्या वेळी चहा झाला, पण विहिरीचा पंप कोरडा फिरत राहिला. सुरू करायच्या आधी त्यात तांब्याभर पाणी ओतावं लागतं. भांडी तशीच राहिली, कोंबड्या तहानलेल्या राहिल्या, आणि काका कोऱ्या चेहऱ्याने अंगणात बसून राहिले.

"सगळं सांग म्हनलं होतं ना तुला?" संध्याकाळी त्यांनी विचारलं.

"मला काय ठावं मी काय काय करते?" काकू म्हणाल्या. "हात करतात. मी कुठं बगते?"

हे उत्तर काकांना भयंकर लागलं असावं, कारण पुढचे चार दिवस ते काकूंच्या मागे मागे फिरत होते. त्या पोळी उलटत असताना वाकून बघायचे. काकूंनी एकदा उलथनं उगारलं.

तिसऱ्या शुक्रवारी मासेवाली आली. ती रोज यायची, फाटकातूनच हाक मारायची, आणि काकूंशी तिचं दहा मिनिटं भांडण झाल्याशिवाय टोपली उघडायची नाही.

"वयनी! ओ वयनी!"

काका पुढे झाले. "ती नाय. आता तिच्याशिवायच चालवायचं हाय."

मासेवालीने त्यांच्याकडे पाहिलं. बनियन, दाढी वाढलेली, हातात भांडं घासायची घासणी. तिने टोपली खाली ठेवली आणि गळा काढला. "काल तर माज्याकडून बोंबील घेतले! कदी झालं हो हे?"

काकांनी खरं सांगायला हवं होतं. पण खोलीबाहेरची माहिती खोलीत येता कामा नये, हा नियम. ते नुसते म्हणाले, "सकाळपासून." शेजारच्या दोघी पदर सावरत धावत आल्या. माझ्या खोलीत मी उठले, तर काकूंनी माझा हात घट्ट धरला.

"थांब," त्या कुजबुजल्या. "ऐकू दे जरा."

बाहेर काकूंचं गुणगान सुरू झालं. सोन्यासारखी बाय होती. कोणाला रिकाम्या हाती पाठवलं नाय. कदी कोणाशी भांडली नाय. "हिच्याशी मी रोज भांडते," काकू डोळे पुसत म्हणाल्या, आणि मला कळेना की त्या हसतायत की खरंच रडतायत. मग शेजारीण म्हणाली, "आता यांचं कसं होनार? यांना तर चहा बी येत नाय."

"येतो!" काका ओरडले. "मागच्या शुक्रवारी आला!"

तेव्हा मात्र काकू बाहेर गेल्या. दोघी किंचाळल्या. मासेवालीने सुचेल त्या शब्दांत काकांचा उद्धार केला आणि एकही मासा न विकता टोपली उचलून निघून गेली. काकांनी चाचणी रद्द केली, कारण बाहेरून हस्तक्षेप झाला.

हसण्यावारी नेलं तरी दिवस जात होते. मुलीचा फोन आता रोज यायचा आणि काकू तो घेऊन विहिरीपलीकडे जायच्या. त्यांनी बॅग भरून ठेवली होती, लहान बाळाची दुपटी वरच दिसत होती. मी काकांवर चिडले. म्हटलं, तिकडे पोरगी एकटी पडून आहे आणि तुम्ही इकडे खेळ मांडलाय. ते म्हणाले, "या शुक्रवारी पास होतंय." आणि पडवीत निघून गेले. त्या आठवड्यात कॉम्प्युटर सुरूच झाला नाही.

त्या शुक्रवारी सकाळी वेळेवर चहा आला. पंपात पाणी पडलं, पंप चालला. देवपूजा झाली, कोंबड्यांना दाणे पडले, दूधवाल्याला दूध उद्या जास्त नको हेसुद्धा सांगून झालं. मासेवालीने फाटकातून विचारलं, "आज जिती हाय ना?" आणि बोंबील दिले. काकांनी ते साफ केले, वाटण वाटलं, चिंच कोळली. दुपारी त्यांनी मला ताट वाढलं. भात मोकळा झाला होता. कालवण मी तोंडात घातलं आणि खरं सांगते, काकांकडे बघून मला अभिमान वाटला. त्यांनी दुसरं ताट माझ्या खिडकीतून काकूंना आत दिलं.

मला दुसऱ्यांदा भात वाढून त्यांनी स्वतःचं जेवण उरकलं. मग म्हणाले, "फेल."

"काय?"

"फेल झालं. नाय जमलं."

"कशात फेल?" मी विचारलं. "चहा झाला, पंप चालला, मी दोनदा भात घेतला. नोंद दाखवा."

"फेल म्हंजे फेल."

एवढ्या वर्षांत परदेशातल्या एका पोरालाही त्यांनी असं उत्तर दिलं नसेल. स्वतःलाही दिलं नव्हतं. मला भयंकर राग आला. मी म्हणाले, "काका, तुम्ही खोटं बोलताय," आणि माझा आवाज चढला होता.

काकू रिकामं ताट घेऊन दारात आल्या. ताट बोटाने निपटलेलं होतं.

"चाललं ना सगळं?" त्यांनी विचारलं.

"चाललं."

"मग?"

काका खरकट्या हाताकडे बघत बसले होते. हात वाळून गेला होता. "चालतं हे मला कळलं त्याचं काय नाय," ते म्हणाले. "तुला बी कळलं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला तिथून उठून जायचं होतं आणि उठता येत नव्हतं. काकू नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ताट मोरीत ठेवलं, पदराला हात पुसले.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या.

काकांनी मान वर केली. "कमी?"

"कमी हाय. आनी चिंच जास्त. वाटन बी नीट वाटलं नाय. हे असं नाय चालत."

"मी सांगत होतो हिला," काका माझ्याकडे बोट करत म्हणाले. चेहरा उजळला होता. "फेल हाय म्हनून!"

"उद्या सकाळी मी निघते. बोईसरला गाडीत बसवून द्या. आल्यावर दाखवीन कालवन कसं करतात ते. तवर या पोरीला असंच घाला."

"आल्यावर दाखव," काका म्हणाले, आणि उठून हात धुवायला गेले.

मी त्याच पातेल्यातलं जेवले होते. मीठ अगदी बरोबर होतं, चिंच बरोबर होती, वाटण गंधासारखं बारीक होतं. पण मला कुणी विचारलं नाही, आणि मीही गप्प बसून उरलेला भात संपवला.